कोमट पाणी

"जाळ दिसून राह्यला, रामबाई. मले जाळ नको, निखारे पाहिजे."

"कुठी हाये जाळ? वरची राख झाडली म्हंजे निखारेच हायेत." रामबाईनं घमेलं गाडीच्या पुढ्यात ठेवलं आणि पदराला हात पुसले. "घ्या. द्या आपल्या बाळंतिणीले शेक."

प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगणात अजून फटफटलं नव्हतं. चिंचेखाली जुनी फोर्ड उभी होती. तिच्या बॉनेटवर दोन गोधड्या, त्यांवर एक पोतं. चंद्रभान भोयर उकिडवा बसला. चिमट्यानं एकेक निखारा उचलून त्यानं पत्र्याच्या परातीत रचला, वर मूठभर राख भुरभुरली आणि परातीवर तळहात धरून मनाशी दहा आकडे मोजले. दहापर्यंत हात टिकला, तेव्हा त्यानं परात इंजिनाच्या पोटाशी, तेलाच्या पेटीखाली, हळूच सरकवली. वाळूची बादली हाताशी होती. परात बाहेर निघेपर्यंत तो तिथून हलणार नव्हता. पेट्रोलच्या गाडीखाली विस्तव ठेवून चहाला जाणारा माणूस त्याच्या लेखी ड्रायव्हर नव्हता.

"आत तिघी, बाहेर ही एक," इथली आया रामबाई म्हणाली. "आतल्या तरी दहाव्या-बाराव्या दिवशी उठून घरी जातात. ही चार वर्सांपासून बाजेवरच हाये."

"ही उठते म्हून तं आतल्या तुमच्यापावतर येतात, बाई."

"हो बापा, उपकार हायेत तिचे. डिंकाचे लाडू देऊ का आणून?"

चंद्रभान हसला. त्याला ही थट्टा आवडत असे. खरं तर बाळंतिणीची उपमा त्याला स्वतःला कधी सुचली नव्हती. ती दिली रामबाईनं, पहिल्याच हिवाळ्यात, आणि मग सगळ्या आयाबाया फोर्डला 'भाऊजीची बाळंतीण' म्हणू लागल्या. बाजेखाली शेगडी, अंगावर पांघरूण, वाऱ्याला आडोसा. फरक कुठे होता?

छप्पन सालच्या त्या पौषात आर्वीकडे अशी थंडी पडली होती की संत्र्यांच्या बागांत माणसं पहाटे ओला पालापाचोळा पेटवून धूर करत होती. तुरीचा फुलोरा काळा पडला होता. मोटार स्टँडवर सर्व्हिसच्या गाड्या उन्हं वर येईस्तोवर जागच्या हलत नसत. दहा-बारा उतारू ढकलायला लागत, तेव्हा कुठे एखादी खोकत खोकत चालू होई. प्रसूतिगृहाची फोर्ड मात्र पहाटे पाचला हँडलच्या दुसऱ्या फेऱ्याला बोलत असे. गावाला त्याची सवय झाली होती. फोर्ड बोलली की शेजारचे गुरुजी आंघोळीला उठत.

ही गाडी लढाई संपल्यावर लिलावात निघालेली. चार वर्षांमागं गावातल्या पंचांनी वर्गणी करून ती घेतली, सुताराकडून मागं लाकडी खोका करवला, आत एक बाज ठोकली आणि दारावर लाल फुली काढली. बॅटरी नावापुरती होती. इंजिनाच्या ब्लॉकला लष्करातच कधीतरी चीर जाऊन डाग दिलेला होता. वीतभर लांबीचा तो उंचवटा बोटाला लागे. चंद्रभाननं पहिल्याच दिवशी त्यावरून बोट फिरवलं आणि ओळखलं, हिला जपायला पाहिजे.

जपायचं कसं ते तो इराणात शिकला होता. लढाईत तीन हिवाळे त्यानं तिथं ट्रक चालवले. माल रशियाकडे जायचा आणि घाट बर्फानं भरलेले असायचे. संध्याकाळी गाड्या थांबल्या की आधी इंजिनातलं पाणी सोडायचं, मग भाकरीकडे बघायचं. पाणी आत राहिलं तर रात्रीतून गोठून लोखंड फोडतं. पहाटे निखाऱ्यांवर तेल पातळ करायचं, प्लग काढून चुलीशी शेकायचे, पाणी तापवून भरायचं, गाडी चालू झाली की लगेच पळवायची नाही, पुढच्या जाळीचा निम्मा भाग पोत्यानं झाकून तिला तिच्या गतीनं ऊब धरू द्यायची. तीन हिवाळ्यांत चंद्रभानचं इंजिन एकदाही फुटलं नाही, एकदाही बंद पडलं नाही. त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखी ही एवढीच एक गोष्ट होती आणि ती तो मोटार स्टँडवर चहा पिताना सांगत असे. लोक पुन्हा पुन्हा ऐकत. "तीन हिवाळे, एक इंजिन," एवढंच त्याचं पालुपद.

आर्वीत पाणी गोठत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पण मार्गशीर्ष लागला की तो रोज संध्याकाळी फोर्डचं पाणी सोडायचाच. सेक्रेटरी प्रभाकरराव वकील त्यावर एकदा म्हणाले होते, "अरे, इथं कुठं बर्फ पडतंय?" चंद्रभान म्हणाला, "सायेब, सकाळी उनउन पाणी पोटात गेलं का म्हातारी लवकर उठते." आणि ती उठत होती, म्हणून वकिलांनी पुढं काही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे. रामबाई स्वयंपाकघरातून पाण्याचा हंडा द्यायची तो वाफाळता. तो घेऊन चंद्रभान गाडीच्या पलीकडच्या अंगाला जाई. तिथं विहिरीच्या पाण्याची बादली ठेवलेली असे. दोन्ही मिसळून, कोपर बुडवून बघून, पहिला तांब्या अगदी कोमट भरायचा. मग थांबायचं. मग जरा ऊन. मग थांबायचं. चौथ्या-पाचव्या तांब्याला कुठे हाताला चटका बसेल इतकं. बिडाचं ओतीव लोखंड म्हाताऱ्या माणसासारखं असतं. हळूहळू सांगितलं तर काहीही सोसतं, एकदम सांगितलं तर तुटतं. हे त्याला एका सरदारजी उस्तादानं शिकवलं होतं आणि शिकवताना बजावलं होतं की सगळी विद्या सगळ्यांना दाखवायची नसते. त्या काळचे ड्रायव्हर असेच. बॉनेट उघडलं की पाठ करून उभे राहायचे.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चंद्रभानला हुडहुडी भरली. ही साधी थंडी नव्हे, हिवताप होता. दात वाजत होते आणि बाज हलत होती. त्याची मुलगी सुधा नगरपालिकेच्या कन्याशाळेत शिकवायला जात असे. आई गेल्यापासून घर तीच बघायची. तिनं त्याच्यावर घरात होतं नव्हतं ते पांघरूण घातलं.

"बाबा, आज नका जाऊ."

"जाऊन सांगजो रामबाईले. अर्ध्या तासात येतो म्हनाव. हे थरथर थांबली का निघतो."

सुधा शाल गुंडाळून निरोप द्यायला गेली. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. अंग थरथरायचं थांबलं तसा तो उठला, घोंगडी पांघरली आणि भिंतीच्या आधारानं चालत निघाला. घर ते प्रसूतिगृह पाच मिनिटांची वाट, त्याला त्या दिवशी पंधरा लागली.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्याला तो आवाज आला. मोठा नव्हता. पितळी ताटाला कुणी नखानं टिचकी मारावी एवढाच. टण्. पण हा आवाज त्यानं इराणात एकदा ऐकला होता, दुसऱ्याच्या गाडीत, आणि तो तो विसरला नव्हता.

चिंचेखाली रामबाई उभी होती. डाव्या हातात रिकामा हंडा, उजवा हात पदराआड, चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान.

"आले का भाऊजी? सारं करून ठेवलं पहा. शेक देल्ला, गोधड्या काढल्या, पाणी भरलं. आता निस्तं हँडल मारा. ढग्याकडचा मानूस आला हाये, बायको अडली त्याची. डाक्टरबाई बॅग भरून राह्यल्या."

"कोणतं पाणी भरलं?"

"म्हंजे? उकळेल. खळखळ उकळेल, चांगलं." मग ती आवाज उतरवून, दटावल्यासारखी म्हणाली, "अन् तुमी काय कच्चं पाणी मिसळत होते काय तिच्यात? मले आज दिसली ते बादली. इतके वर्सं बाई कानीकपाळी वरडून राह्यल्या, उकळेल पाण्यात कच्चं टाकलं का सारं बाटलं. म्या नाई टाकलं. एक थेंब नाई टाकला."

गाडीखालून वाफ येत होती. परातीतले निखारे चुरचुरत होते. रामबाईचं लक्ष तिकडे गेलं. "हे काय सांडून राह्यलं?"

चंद्रभान खाली वाकला. डागाच्या शेजारून, डागाहून लांब, नवी चीर गेली होती आणि तिच्यातून पाणी सरळ धारेनं गळत होतं. त्यानं तिच्यावर अंगठा दाबला. चटका बसला तरी काढला नाही. जणू दाबून धरल्यानं थांबणार होतं.

"हळद आण," तो म्हणाला. "दोन मुठी. पळ."

रेडिएटर गळतो तेव्हा हळद टाकतात. बारीक भोक असलं तर ती जाऊन बसते. त्यानं हळद टाकली, बादलीतलं पाणी ओतलं, हँडल मारलं. तापानं हातात जोर नव्हता. चौथ्या फेऱ्याला इंजिनानं धरलं. मागून पांढरा धूर आला, दोनदा हुंदका दिल्यासारखं झालं आणि ते थांबलं. जमिनीवर पिवळं पाणी पसरलं.

रामबाई सगळं बघत होती. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण चंद्रभानचा चेहरा तिला वाचता येत होता.

"भाऊजी, माह्यानं झालं का हे?"

त्याला उत्तर द्यायला सवड मिळाली नाही. डॉक्टर इंदिराबाई ओसरीवरून बॅग घेऊन उतरल्या होत्या आणि त्यांच्या मागून ढगा गावाच्या वाटेवरचा तो माणूस, घनश्याम मडावी. अंगावर एक पंचा, पाय धुळीनं पांढरे. रात्रभर चालत आला होता, अकरा मैल.

"काय झालं चंद्रभान? गाडी का थांबली?"

"ब्लॉक फुटला, बाई. नाई चालायची."

"फुटला? असा कसा फुटला?"

रामबाईनं तोंड उघडलं. चंद्रभाननं तिच्याकडे पाहिलं नाही. गेल्या साली थर्मामीटर फोडला म्हणून एका आयेला सेक्रेटरींनी त्याच दिवशी काढलं होतं. तिला निदान सासर होतं. रामबाईला मागच्या पडवीतली एक खोली आणि तिथली एक पेटी, याखेरीज या जगात जायला जागा नव्हती.

"पाणी जास्त गरम पडलं," तो म्हणाला. "माह्याच हातानं. ताप होता, ध्यान नाई राह्यलं." आणि लगेच, "रामबाई, सावजीची दमणी जुंपाले सांगजो. गोधड्या घाल आत. बाईले थंडी लागन."

इंदिराबाईंनी घड्याळ पाहिलं. बैलांच्या दमणीनं जायला साडेतीन तास. गाडीनं पाऊण तास लागला असता.  रामबाई नेहमी त्यांच्याबरोबर जायची, तशी त्या दिवशीही गेली. दमणी फाटकातून बाहेर पडताना ती मागं तोंड करून बसली होती आणि तिनं उजवा हात पदरात गुंडाळून घेतला होता.

दिवेलागणीला दमणी परत आली. बाई वाचली होती. मूल गेलं होतं.

"गाडी असती तर?" ओसरीवर कुणीतरी इंदिराबाईंना विचारलं. चंद्रभान खांबाला टेकून उभा होता.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आडवं होतं. सांगता येत नाही." पायरीवर बसून त्यांनी पायांतले बूट काढले.

घरी सुधा जेवायला वाढून थांबली होती. भाकरी तशीच गार झाली.

"बाबा, पाणी तुमी ओतलं असं गावभर झालं."

"हं."

"मी निरोप द्याले गेली तवा रामबाई शेगडी पेटवत होती. तुमी घरी होते. बाजेवर होते. मी पांघरून घालून गेली."

"तू कोणाले बोलली का?"

"नाई."

"नको बोलू."

"काऊन?" सुधाचा आवाज फाटला. "एक तं गोष्ट होती तुमची. इराणातली. तेबी देऊन टाकली?"

चंद्रभाननं पाण्याचा तांब्या उचलला, तोंडाला लावला नाही, खाली ठेवला.

"मी खोटं नाई बोललो, पोरी. ओतलं तिनं. पर कोमट काऊन लागते हे तिले माहीत नव्हतं, ते कोणापायी? चार हिवाळे ते हंडा देऊन राह्यली अन् मी गाडीआड जाऊन मिसळून राह्यलो. उस्तादी! एक डाव तिच्या पुढ्यात मिसळलं असतं तं आज ते लेकरू..." तो थांबला. "तिनं तं आपल्या हिशोबानं चोख केलं. लेकराइच्या पाण्यावानी उकळलं. बाईनं शिकवलं तिले. म्या काय शिकवलं?"

 सुधानं भाकरी तव्यावर पुन्हा गरम केली आणि त्याच्या ताटात मोडून घातली.

चार दिवसांनी पंच बसले. प्रभाकरराव वकिलांनी चष्मा पुसला.

"चंद्रभान, तीन हिवाळे, एक इंजिन, हे आम्ही तुझ्या तोंडून शंभरदा ऐकलं. शाळेतलं पोरही सांगेल की तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये, गार काचेवर उकळतं टाकू नये. तुला एवढंही कळलं नाही?"

"चुकलो, सायेब."

"तू प्यालेला होतास का?"

 चंद्रभाननं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता आणि समोर बसलेल्या पाचही जणांना ते ठाऊक होतं.

"नाई सायेब. ताप होता."

"मग दुसऱ्या कुणाला सांगायचं! इथं माणसं कमी आहेत?"

"हो. सांगाले पाहिजे होतं," चंद्रभान म्हणाला. या एका वाक्यात तरी तो अक्षरशः खरं बोलला होता.

इंदिराबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाडीच नाही तर ड्रायव्हरचा प्रश्न कुठे येतो? फाटकावर माणूस नाही. चंद्रभानला फाटकावर राहू द्या." वकील काही बोलणार, तोच त्यांनी पुढे जोडलं, "माझी तशी इच्छा आहे." इंदिराबाई एरवी इच्छा बोलून दाखवत नसत. ठराव झाला.

बाहेर आल्यावर त्यांनी त्याला हाक मारली.

"रामबाईच्या हाताला मी रोज पट्टी बांधते आहे. कोपरापर्यंत भाजलंय. मी विचारलं, कशानं? म्हणाली, चुलीवर."

चंद्रभान खाली बघत होता.

"चुलीवर भाजलेलं आणि उकळत्या पाण्यानं भाजलेलं, वीस वर्षांनी मला दोन्ही ओळखू येतं."

"बाई," तो म्हणाला, "ते दोघीजणी आल्या हायेत देऊरवाड्याच्या. कवाच्या ओसरीवर बसल्या. आत धाडू का?"

 इंदिराबाई म्हणाल्या, "धाड." त्यानंतर त्या दोघांत हा विषय निघाला नाही.

गावाला मात्र विषय पुरला. मोटार स्टँडवर हॉटेलवाला चहा पुढं करताना म्हणायचा, "पहा चंद्रभानभाऊ, कोमट केला हाये, कप फुटाचा नाई तं." सर्व्हिस गाडीचा क्लीनर लांबून ओरडायचा, "ओ इराण! येता का, आमच्या गाडीले पाणी भराचं हाये!" चंद्रभान चहा प्यायचा, कप उपडा ठेवायचा आणि म्हणायचा, "येतो ना. पहिले हातपाय धून ये." लोक हसायचे. पहिले दोन आठवडे तो रोज गेला. जायचं टाळलं असतं तर बरं दिसलं नसतं, असं त्याला वाटत होतं. इराणची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही आणि कुणी विचारलीही नाही.

हे सगळं त्याला सोसलं. सोसलं नाही ते एकच.

माघ लागता लागता घनश्याम मडावी फाटकाशी आला. काखेत घड्या घालून नीट बांधलेल्या दोन गोधड्या होत्या. दमणीतून त्याच्या घरी गेलेल्या, रक्तानं भरलेल्या. त्याच्या बायकोनं ओढ्यावर धुऊन, वाळवून पाठवल्या होत्या.

"बाईच्या हायेत. द्याले आलो."

"बरी हाये घरची?"

"उठून बसते." त्यानं गोधड्या चंद्रभानच्या हातात दिल्या. दिल्यावरही तो तिथंच उभा राहिला. "त्या रोजचे ड्रायव्हर तुमीच ना?"

"हो. मीच."

"मले त्या रोजी कायचंच ध्यान नवतं. पानी तुमीच टाकलं म्हंते गाव."

रामबाई तेव्हा नळाशी बाटल्या धूत होती. बाटल्यांचा आवाज थांबला.

"हो," चंद्रभान म्हणाला. "म्याच टाकलं."

घनश्यामनं त्याच्याकडे नीट पाहिलं. शिवी नाही, हात उगारणं नाही. ज्या माणसाला पुढं कधी ओळखायचं असेल त्याच्याकडे बघावं, तसं पाहिलं.

"पोरगी होती," तो म्हणाला. "केस लय होते डोक्शावर." आणि वळून चालू लागला. अकरा मैल.

चंद्रभान गोधड्या हातात घेऊन उभा होता. त्याला वाटलं, हाक मारावी. हाक मारून सांगायचं काय, ते त्याला सुचेना. एका माणसाला वाचवायला घेतलेलं ओझं दुसऱ्याच माणसाच्या डोळ्यांत जाऊन बसतं, आणि तिथून ते उतरवता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

फोर्ड होळीच्या सुमाराला गेली. पुलगावच्या एका भंगारवाल्यानं ती घेतली. इंजिन चालत नव्हतं, म्हणून त्यानं बैलजोडी आणली आणि पुढच्या बंपरला दोर बांधून जू जोडलं. चाकांत चंद्रभाननंच हवा भरली. गाडीवानानं बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि मागं वळून म्हणाला, "आतमंदी कोनी बसा, बापा. स्टेरिंग कोन धरन? उतारावर ब्रेक कोन मारन?"

चंद्रभाननं फाटक सुधाच्या हाती सोपवलं. ती शाळेत जाताना त्याचा डबा द्यायला थांबली होती. तो दार उघडून आत चढला. सीट गार पडली होती.

तेवढ्यात रामबाई धावत आली. हाताची पट्टी निघाली होती. कातडी गुलाबी, चकचकीत झाली होती. तिनं खिडकीची कड धरली.

"भाऊजी, मी सांगतो साऱ्याइले. आत्ता सांगतो, चौकात उभी राहून सांगतो. त्या मानसानं तुमच्याकडं पाह्यलं ना, तवापासून मले अन्न जात नाई."

"रामबाई, आवाज हळू."

"हळू काऊन? काढतीन तं काढतीन!"

"आत किती हायेत?"

"काय?"

"आत. बाजेवर किती जणी?"

"पाच," रामबाई म्हणाली. "अन् एकीले सकाळपासून कळा हायेत."

"मंग इथं काय करून राह्यली?" त्यानं तिची बोटं खिडकीवरून हळूच सोडवली. "जा. बाई एकट्या हायेत."

ती गेली नाही लगेच. पदर डोळ्यांना लावून उभी राहिली, आणि मग आतून कुणीतरी कण्हल्याचा आवाज आला तशी वळली, आणि पळाली.

गाडीवानानं बैल हाकले. फोर्ड कुरकुरली, आणि इंजिनाचा कसलाही आवाज न करता फाटकाबाहेर पडली. इतकी मुकी ती चंद्रभानला कधीच वाटली नव्हती. चाकांखालचे खडे ऐकू येत होते, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या ऐकू येत होत्या. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मोटार स्टँडपाशी हॉटेलचा बाक भरलेला होता, आणि तिथून कुणीतरी टाळी वाजवली.

"ओ इराण! गियर टाका, गियर!"

चंद्रभान ताठ बसला होता. दोन्ही हात चाकावर. स्टँडच्या पुढं चौक होता आणि तिथं पुलगावच्या रस्त्याला लागायला उजवीकडे वळायचं होतं. मागं एकही मोटार नव्हती, पुढूनही येत नव्हती. एक म्हैस तेवढी रस्त्याच्या मधोमध उभी होती. चौकाच्या अलीकडे वीस हातांवर त्यानं खिडकीतून उजवा हात बाहेर काढला, खांद्याच्या रेषेत सरळ, तळवा पुढं, आणि बैल वळून, जू वळून, गाडी पुरती वळेपर्यंत तसाच धरून ठेवला.